मेंदू मऊ आहे, म्हणूनच प्रोब वाकतो

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजण्यात चूक झाली असेल तर इथेच कळेल. एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी तुम्ही पॉलिइमाइड या लवचीक प्लास्टिकची पट्टी केली आहे, मेंदूत घालायचा इलेक्ट्रोड, म्हणजे प्रोब, म्हणून: १०० मायक्रॉन रुंद, २० मायक्रॉन जाड, होल्डरपासून टोकापर्यंत ३ मिलिमीटर मोकळी. सिम्युलेशनमध्ये मेंदूचा यंग मॉड्युलस, म्हणजे ताठपणाचं माप, ३ किलोपास्कल धरला, तर पट्टी सरळ आत गेली. मेंदूऐवजी वापरतात त्या ०.६ टक्के अगारोजच्या जेलमध्ये दहापैकी सात वेळा गेली. बकऱ्याच्या भेज्यावर मात्र एकदाही नाही, दर वेळी धनुष्यासारखी वाकून बाजूला. शोधनिबंध उघडले तर कुठे ५०० पास्कल, कुठे ५० किलोपास्कल. आणि तुमचा प्रश्न असा, की "यातला नेमका कोणता आकडा धरू?"

आकडा पुढे सांगतेच. पण त्या आकड्याने तुमची पट्टी आत जाणार नाही. मॉड्युलस १ धरा, ३ धरा, १० धरा, पॉलिइमाइडचा २.५ गिगापास्कलच्या आसपास, म्हणजे मेंदूच्या जवळजवळ दहा लाख पट. दहा लाख पट ताठ वस्तू मऊ वस्तूत शिरत नाही हे विचित्र वाटतं, पण रोज स्वयंपाकघरात आपण तेच बघतो. पिकलेला टोमॅटो बोथट सुरीने कापायला जा. आतला गर मऊ आहे म्हणून सुरी जाते का? उलट, गर मऊ असल्यामुळे साल मागे सरते, दबते, खळगा पडतो, आणि सुरी वरच अडकते. कच्च्या टोमॅटोवर तीच सुरी पटकन चालते, कारण मागून आधार मिळतो. तुमचा त्रास हा असा आहे. वर एक चिवट पापुद्रा, खाली आधार न देणारा गर, आणि हातात वाकणारी सुरी.

हा पापुद्रा म्हणजे पाया मेटर. मेंदूवर तीन आवरणं असतात. सगळ्यात वर जाड ड्युरा, मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं अ‍ॅरॅक्नॉइड, आणि मेंदूला अगदी चिकटून, प्रत्येक घडीत उतरणारा पातळ पाया. (खाटकाकडे जाऊन "पाया द्या" म्हणू नका, तो सूपसाठीचे पाय देईल. माझ्या एका विद्यार्थ्याचं झालं आहे.)

या पापुद्र्याची किंमत मला कशी कळली ते सांगते, कारण चूक माझीच होती. १७ वर्षांपूर्वी पुण्यात हे काम सुरू केलं तेव्हा रविवारी सकाळी मटणाच्या रांगेत उभी राहून दोन भेजी आणली. घरी भेजं करताना लहानपणापासून एकच पद्धत पाहिलेली: कोमट पाण्यात ठेवायचं, वरचा लाल शिरांचा पापुद्रा बोटांनी अलगद सोलायचा, मग हळद-मीठ. लॅबमध्ये मी सवयीने तेच केलं. स्वच्छ, गुळगुळीत, पांढुरकं भेजं स्टेजवर ठेवलं आणि प्रोब उतरवला. लोड सेलवर, म्हणजे बळ मोजणाऱ्या सेन्सरवर, बळ इतकं कमी, की आधी वाटलं सेन्सरच बंद आहे. प्रोब लोण्यात सुरी जावी तसा गेला. मी खूश. महिनाभर त्या आकड्यांवर डिझाइन पुढे नेलं. मग आमच्याबरोबर काम करणारे न्यूरोसर्जन एकदा बघायला आले, त्यांनी भेज्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, वरचं कुठे गेलं? पुढच्या वेळी न सोललेलं भेजं ठेवलं. तोच प्रोब, तोच वेग. पहिल्याच फेरीत वाकला.

तुमच्या सिम्युलेशनमध्ये मला वाटतं माझं सोललेलंच भेजं आहे. पापुद्रा मॉडेल केलेला नाही. शिवाय टोक सुरुवातीपासून थोडं आत धरलेलं किंवा वाट आधीच कापून ठेवलेली असणार, कारण बहुतेक जण तसंच करतात. नाहीतर मेश फाटतो आणि सॉल्व्हर रुसतो. आणि तिसरी गोष्ट, जी हमखास सुटते: तुमची पट्टी संगणकात गणिती सरळ आहे. गणिती सरळ खांब नुसत्या अक्षीय भाराखाली संगणकात वाकत नाही, तो फक्त आखूड होतो. खऱ्या पट्टीला थोडा बाक असतो, टोक पाव अंश तिरकं टेकतं, आणि तेवढं पुरतं. आधी बकलिंगचं (दाबाखाली बाजूला वाकण्याचं) आयगेन विश्लेषण करा, म्हणजे पट्टी कोणत्या आकारात वाकू शकते ते काढा, पहिल्या मोडचा आकार जाडीच्या एखाद-दोन टक्के इतका पट्टीला द्या, मग पुन्हा चालवा. तुमची "सरळ जाणारी" पट्टी बहुधा तिथेच वाकेल.

आता थोडं हाताने गणित करू, कारण इथे खांब किती भाराला वाकतो हे सांगणारं ऑयलरचं जुनं सूत्र कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त शिकवतं. वर घट्ट पकडलेली, खाली टेकलेली पट्टी धरली तर प्रभावी लांबी मोकळ्या लांबीच्या ०.७ पट. तुमची मापं घातली की वाकण्याची मर्यादा येते सुमारे ०.३७ मिलिन्यूटन. दोन तांदळाच्या दाण्यांचं वजनही यापेक्षा जास्त भरेल. आणि साधारण १०० मायक्रॉन रुंदीच्या प्रोबला उंदराचा पाया भेदायला १ मिलिन्यूटनच्या आसपास बळ लागतं; टोक किती धारदार, कुठे शीर आली, यावर कमी-जास्त. बकऱ्याचा पापुद्रा उंदराच्यापेक्षा जाड, तिथे त्याहून जास्त धरा. म्हणजे तुमच्या पट्टीत जे बळ पेलायची ताकद आहे, त्याच्या तिप्पट तरी वरचा दरवाजा मागतो आहे. अगारोजला असा दरवाजाच नाही, म्हणून तिथे दहापैकी सात. कोडं सुटलं, आणि यात मेंदूचा मॉड्युलस कुठेही आलेला नाही.

याच सूत्रात उपायही आहे. जाडीचा घन येतो: ४० मायक्रॉन केलीत तर मर्यादा आठपट, जवळजवळ ३ मिलिन्यूटन. लांबीचा वर्ग येतो: मोकळी लांबी निम्मी, दीड मिलिमीटर केलीत तर चौपट, दीड मिलिन्यूटन. पदार्थ बदलून तेवढ्याच मापाचं सिलिकॉन घेतलंत तर २४-२५ मिलिन्यूटन, म्हणजे प्रश्नच मिटला. पण मग लवचीक प्रोब करायचा हेतूही मिटला. मी तुमच्या जागी असते तर जाडीला हात लावण्याआधी लांबीला लावला असता. प्रोबच्या दोन्ही बाजूंनी एक छोटी खाच असलेला मार्गदर्शक तुकडा, जो मेंदूच्या पृष्ठभागापासून दीड मिलिमीटर वर थांबतो आणि पट्टीला मध्येच आधार देतो. शिवणाऱ्या बाया बारीक सुई जाड कापडात घालताना ती टोकाजवळ धरतात, नेढ्याजवळ नाही, तीच गोष्ट. सगळ्यात वाईट क्षण पहिल्या स्पर्शाचा असतो. एकदा टोक आत गेलं की मोकळी लांबी आपोआप घटत जाते आणि आजूबाजूचा ऊतकही पट्टीला कडेने धरतो.

आता लोड सेलचा आलेख कसा दिसतो ते जवळून बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. टोक टेकतं तिथून रेषा हळूहळू, वर वळत चढते. म्हणजे जितकं दाबाल तितका पृष्ठभाग जास्त ताठ वागतो. डोळ्यांना या वेळी प्रोबभोवती खळी पडताना दिसते. गालावरची खळी नव्हे, पाण्यावर काडी टेकवल्यावर पडते तशी पसरट. एकेरी बारीक तारेला ती काही दहा मायक्रॉनपासून काहीशे मायक्रॉनपर्यंत खोल असते, अनेक दातांच्या अ‍ॅरेला मिलिमीटरच्या पुढेही जाते. मग एकदम रेषा खाली कोसळते: पापुद्रा फाटला. खळी अर्धवट वर येते. त्यानंतर रेषा पुन्हा सावकाश चढू लागते, पण या वेळी कारण वेगळं असतं. टोकाशी ऊतक चिरलं जातंय त्याचं बळ साधारण स्थिर असतं, त्यावर पट्टीच्या अंगाला होणारं घर्षण आत गेलेल्या लांबीच्या प्रमाणात वाढतं. मोटर थांबवली की रेषा पुन्हा पडते, आधी झपाट्याने, मग मिनिटांपर्यंत रेंगाळत. प्रोब जागेवर, तरी बळ कमी होतंय. हा ताण निवणं आहे, स्ट्रेस रिलॅक्सेशन.

एका प्रवासात चार वेगळ्या घटना. टोकाची धार फक्त दुसऱ्या आणि थोडी तिसऱ्या घटनेला मदत करते. अंगाचं घर्षण धारेने कमी होत नाही. ते परिमितीवर आणि पृष्ठभागावर अवलंबून. खूप जण टोक अणकुचीदार करत बसतात आणि मग विचारतात की खोलवर गेल्यावर बळ का वाढतंय.

शेवटची घटना मला मॉड्युलसच्या प्रश्नाकडे नेते. मेंदू हा रबरासारखा घन नाही. करड्या भागात सुमारे ८० टक्के पाणी, पांढऱ्या भागात ७० च्या आसपास. पेशींची जाळी आणि तिच्यात अडकलेलं पाणी, असं धरा. हळू दाबलं तर जाळीला सरकायला आणि पाण्याला वाट काढायला वेळ मिळतो, म्हणून मऊ लागतो. झटका दिला तर वेळच मिळत नाही, म्हणून ताठ. कॅरोल मिलर आणि कियोयुकी चिनझेई यांनी १९९७ साली डुकराच्या मेंदूवर जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यात वेग वाढला की प्रतिकार स्पष्ट वाढतो, आणि दाबताना व ओढताना मेंदू सारखा वागत नाही हेही पुढे त्यांनीच दाखवलं. म्हणजे "मेंदूचा मॉड्युलस किती" हा प्रश्न "पुणे ते मुंबई किती वेळ लागतो" यासारखा आहे. गाडी कोणती, वार कोणता, घाटात पाऊस आहे का?

यातून आकडे का विखुरलेले आहेत ते कळेल. एकाने मेल्यानंतर दोन तासांनी मोजलं, दुसऱ्याने दोन दिवसांनी फ्रिजमधून काढून. एकाने ३७ अंशांवर, दुसऱ्याने खोलीच्या तापमानावर. एकाने इंडेंटेशन केलं, म्हणजे बारीक टोकाने दाबून पाहिलं, दुसऱ्याने चकती दाबली, तिसऱ्याने पीळ दिला. सिल्व्हिया बुड्डे आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये गाईच्या मेंदूवर सपाट टोकाचं इंडेंटेशन केलं, तेव्हा करड्या भागाला सुमारे १.४ आणि पांढऱ्याला सुमारे १.९ किलोपास्कल आले. सावकाश घुसवायच्या प्रोबसाठी मी याच पट्ट्यात, १ ते ३ किलोपास्कल, पॉयसन गुणोत्तर ०.४९ च्या पुढे (म्हणजे दाबून आकारमान जवळजवळ घटत नाही), आणि सोबत प्रोनी मालिका या गणिती सूत्राने ताण निवणं घालते. तुमचा ३ चा आकडा वाईट नाही. फक्त तो दुप्पट आणि निम्मा करून बघा. खळीची खोली बदलेल, पट्टी वाकते की नाही याचा निकाल फारसा बदलणार नाही.

मॉड्युलस खरंच महत्त्वाचा कुठे ठरतो? घुसवल्यानंतर. मेंदू कवटीत स्थिर नसतो. ड्युरा उघडलेल्या उंदरात मोजलेलं आहे: श्वासाबरोबर १० ते ३० मायक्रॉन, नाडीबरोबर २ ते ४ मायक्रॉन हालचाल. प्रोब कवटीला केबलने बांधलेला, मेंदू त्याच्याभोवती वरखाली होतोय. दिवसाला वीस-पंचवीस हजार श्वास माणसाचे, उंदराचे त्याच्या कितीतरी पट. ताठ सिलिकॉन प्रत्येक वेळी ऊतकाला घासतो, आणि त्या घासण्याला मेंदूतल्या ग्लिया, म्हणजे न्यूरॉनना आधार देणाऱ्या, पेशी वण आणून उत्तर देतात. प्रोबभोवती आवरण जमतं, न्यूरॉन लांब जातात, सिग्नल मंदावतो. तुम्ही पॉलिइमाइड निवडलंत ते याच कारणाने असणार. पण पॉलिइमाइडसुद्धा मेंदूच्या दहा लाख पट ताठच आहे, हे विसरू नका. तो मऊ वागतो तो पातळ असल्यामुळे. वाकण्याची ताठरता मॉड्युलसइतकीच, किंबहुना जास्त, जाडीवर ठरते. म्हणून जाडी वाढवून आत घालणं ही पळवाट मी टाळते. घुसवताना जे वाचवलं ते वर्षभर व्याजासकट भरावं लागतं.

आता वेग. तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढच्या आठवड्यात विचाराल. इथे वाचलेलं परस्परविरोधी वाटतं आणि त्यात दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

युटा विद्यापीठात रिचर्ड नॉर्मन यांच्या गटाने सिलिकॉनचा दहा बाय दहा सुयांचा अ‍ॅरे केला, ४ मिलिमीटर चौरस, सुयांमध्ये ४०० मायक्रॉन अंतर. हाताने किंवा सावकाश दाबला की सगळ्या सुया मिळून मेंदूला सपाट फळीसारख्या दाबतात. खिळ्यांच्या फळीवर माणूस झोपतो आणि एकही खिळा रुतत नाही, तसं. रूश आणि नॉर्मन यांनी १९९२ मध्ये हवेच्या दाबावर चालणाऱ्या ठोकणीचा उपाय मांडला. १.५ मिलिमीटर सुया पूर्ण आत जायला सेकंदाला किमान ८.३ मीटर वेग लागतो असं त्यांना आढळलं. इतक्या झटक्यात मेंदूला मागे सरायला वेळच मिळत नाही, तो ताठ वागतो, आणि पापुद्रा फाटतो. कच्चा टोमॅटो. मेंदूचा वेगावर अवलंबून असलेला स्वभाव इथे हत्यार म्हणून वापरला आहे, आणि या क्षेत्रातली मला सगळ्यात आवडणारी युक्ती हीच.

एकेरी प्रोबचं वेगळं. २००६ मध्ये ब्यॉर्नसन आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूच्या कापांवर पाहिलं, की धारदार प्रोब सेकंदाला २ मिलिमीटर या वेगाने घातला तर ऊतकाची ओढाताण कमी दिसते. २०१९ मध्ये फियाथ आणि सहकाऱ्यांनी जिवंत उंदरांत सेकंदाला २ मायक्रॉनपासून १ मिलिमीटरपर्यंत वेग तपासले, तर सगळ्यात संथ वेगाला न्यूरॉनचे सिग्नल चांगले मिळाले. मग खरं काय? माझं मत असं: फाटायच्या क्षणापर्यंत वेग मदत करतो, फाटल्यानंतर संथपणा. पापुद्रा भेदला गेल्यावर घाई करण्याचं कारण उरत नाही. हळू गेलात तर ताण वाटेतच निवत जातो, पेशींना आणि बारीक केशवाहिन्यांना सरकायला वाव मिळतो. मी तसंच करते. खळी पडेपर्यंत आणि पहिल्या उतारापर्यंत तुलनेने वेगात, उतार दिसला की थांबायचं, दोन-तीन मिनिटं वाट बघायची, मग सेकंदाला काही मायक्रॉन. पण लक्षात ठेवा, हे एकेरी शँकसाठी, म्हणजे एकच दांडा असलेल्या प्रोबसाठी. आणि तुमच्या पट्टीला वेग वाढवून फायदा होईल का, हे मी छातीठोक सांगणार नाही, कारण वेगाने पापुद्र्याचा प्रतिकारही वाढतो आणि तुमच्याकडे शिल्लक बळच नाही. आधी लांबी कमी करा, मग वेगाशी खेळा.

लवचीक प्रोबसाठी लोक आणखी दोन वाटा वापरतात. एक, तात्पुरता ताठपणा: सिलिकॉनची किंवा टंगस्टनची सोबती सुई, जी आत नेऊन सोडते आणि परत येते, किंवा विरघळणारं आवरण, पॉलिइथिलीन ग्लायकॉल, साखर, जिलेटिन, रेशीम. आवरणाने पट्टी जाड होते, तेवढी वाटेतली इजा वाढते, आणि ओलं होताच घड्याळ सुरू होतं. त्यात साखरेचं आवरण पुण्यात जुलैमध्ये करायला जाऊ नका. स्वयंपाकघरातल्या साखरेच्या डब्याचं जे होतं तेच. आमची एक अख्खी बॅच अशीच पट्टीला पट्टी चिकटून गेली. डेसिकेटर (ओल शोषणारी बंद पेटी) आणि सिलिका जेल, आणि बाहेर काढल्यापासून पाच मिनिटांच्या आत वापर.

दुसरी वाट म्हणजे पट्टीला ढकलायचंच नाही, ओढायचं. न्यूरालिंक या मेंदूत इलेक्ट्रोड बसवणाऱ्या कंपनीच्या रोबोमध्ये बारीक ताठ सुई पॉलिइमाइडच्या धाग्याच्या टोकावरचं वेढं पकडते, ते आत नेते आणि सुई मागे येते. धागा ताणात असतो, दाबाखाली कधीच नसतो, म्हणून बकलिंगचा प्रश्नच येत नाही. धागे ४ ते ६ मायक्रॉन जाड. पण जो धागा सहज वाकतो तो सहज मागेही सरकतो. २०२४ च्या जानेवारीत पहिल्या रुग्णात उपकरण बसवल्यानंतर काही आठवड्यांत बरेच धागे ऊतकातून मागे सरकल्याचं कंपनीने स्वतः सांगितलं. घुसवण्याचं यांत्रिकी आणि टिकून राहण्याचं यांत्रिकी एकमेकांशी भांडतात, ते असं.

आता एक वेगळं चित्र, कारण तुम्ही शेवटी लिहिलं आहे की हे "पुढे माणसात" न्यायचं आहे. माणसाच्या मेंदूत खोल घातलं जाणारं सगळ्यात परिचित इलेक्ट्रोड म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशनची (मेंदूत आत बारीक विजेने उत्तेजन देण्याची) लीड, म्हणजे इलेक्ट्रोडची तार. ग्रेनोबलला अलिम-लुई बेनाबिद यांनी १९८७ मध्ये सुरू केलेली ही पद्धत आज पुण्या-मुंबईतही पार्किन्सनसाठी होते. लीड १.२७ मिलिमीटर व्यासाची. तुमच्या पट्टीपुढे ती गॅस सिलेंडरची नळी. तिथे बकलिंगची चिंता नाही, कारण ती ताठ कॅन्युलातून, म्हणजे पोकळ नळीतून, जाते. आणि पापुद्र्याचीही नाही, कारण सर्जन ड्युरा उघडतो, पायावर डायथर्मीने (विजेच्या उष्णतेने) जागा भाजतो आणि बारीक चीर देतो, मगच कॅन्युला उतरतो. बोथट गोल टोक मुद्दाम ठेवलेलं असतं, शिरा कापल्या जाण्याऐवजी बाजूला सरकाव्यात म्हणून. तिथे धार शत्रू.

या सर्जनचं दुखणं वेगळं: लक्ष्य हलतं. मेंदू कवटीत द्रवात तरंगतो. १४०० ग्रॅमच्या मेंदूचं त्या द्रवात भासमान वजन जेमतेम ५० ग्रॅम. १४ मिलिमीटरचं भोक पाडून ड्युरा उघडला, द्रव गळला, हवा शिरली की तो आधार जातो आणि मेंदू आपल्या वजनाने काही मिलिमीटर खाली बसतो. लक्ष्य असलेला सबथॅलॅमिक न्यूक्लियसच मुळात काही मिलिमीटरचा. सकाळच्या स्कॅनवर आखलेला मार्ग दुपारी शेजारच्या गल्लीत जाऊ शकतो. म्हणून सर्जन डोक्याची बाजू उचलून ठेवतात, भोक लगेच फायब्रिन ग्लूने बुजवतात, आणि बरीच केंद्रं लीड बसवण्याआधी मायक्रोइलेक्ट्रोडने न्यूरॉनचा आवाज ऐकून खात्री करतात. नंतर काही दिवसांत हवा शोषली गेली की मेंदू पुन्हा वर येतो, आणि वर बांधलेल्या लीडला किंचित बाक येतो.

मी पहिल्यांदा ओटीत, ऑपरेशन थिएटरमध्ये, उभी होते तेव्हा एक गोष्ट पाहून चकित झाले. लीड नुसती जागेवर पोहोचली होती, करंट सुरूच केला नव्हता, आणि रुग्णाच्या हाताचा कंप थांबला होता. सर्जन शांत होते, त्यांना ते रोजचं. याला मायक्रोलिजन परिणाम म्हणतात: घुसवण्याने झालेली बारीकशी इजा आणि सूज काही दिवस-आठवडे स्वतःच उपचारासारखी वागते, मग ओसरते. तुम्ही जे यांत्रिक बळ मिलिन्यूटनमध्ये मोजताय ते माणसाच्या हातात असं दिसतं. आणि शंभरात एक-दोन जणांत तेच बळ शीर गाठतं आणि रक्तस्राव होतो. म्हणून मार्ग आखताना घडीच्या माथ्यावरून आत जायचं, खाचेतून नाही. खाचेत शिरा असतात.

थोडक्यात, आतापर्यंतचं: तुमची पट्टी वाकते ती पापुद्र्यामुळे आणि मोकळ्या लांबीमुळे. मॉड्युलस १ ते ३ किलोपास्कल ठेवा, वेळेवर अवलंबून असलेला भाग घाला, आणि त्यावर आणखी दिवस घालवू नका.

प्रयोगाच्या मांडणीबद्दल दोन-तीन गोष्टी, ज्या निबंधांत लिहिलेल्या नसतात. सुटं भेजं घेऊ नका, अख्खी मुंडी घ्या. दुकानात कवटी सत्तूरने फोडतात, तेव्हा पाया कुठे ना कुठे फाटलेला असतो, आणि नेमक्या त्या जागी तुमचा प्रोब "यशस्वी" होतो. मुंडी बर्फावर आणा, लॅबमध्ये कवटी उघडा, ड्युरा कात्रीने कापा, आणि भेजं सलाइनने सतत ओलं ठेवा. पापुद्रा सुकला की चामड्यासारखा होतो आणि तुमचे आकडे दुप्पट येतात. भेजं टेबलावर नुसतं ठेवलं तर स्वतःच्या वजनाने पसरतं, पृष्ठभाग ढिला पडतो. वाटीत कोमट अगारोज ओतून, घट्ट होत आला की त्यात भेजं अर्धं बसवा, म्हणजे बाजूंनी आधार मिळेल. शिरा टाळून जागा निवडा आणि प्रत्येक टोचणीचा फोटो काढा. आणि हे सगळं करूनही ते मेलेलं भेजं आहे. रक्तदाब नाही, नाडी नाही, वाहिन्या रिकाम्या. जिवंत प्राण्याचे आकडे वेगळे येतील, आणि त्याला नीती समितीची परवानगी लागेल, ती फाइल आत्ताच हलवायला लागा.

अगारोज सोडू नका, पण त्याच्याकडून योग्य तेच काम घ्या. तो ठिसूळ आहे, चिरतो आणि वाट उघडी राहते. मेंदू प्रोबभोवती मिटतो आणि अंगाला धरतो. म्हणून घर्षणाचे आकडे अगारोजवरून घेऊ नका. मोटर, लोड सेल, कॅमेरा, तुमचा मार्गदर्शक तुकडा हे सगळं नीट चालतंय का, हे बघायला मात्र त्याच्यासारखं स्वस्त आणि पारदर्शक काही नाही.

मार्गदर्शक लावून मोकळी लांबी दीड मिलिमीटर करा, भेज्यावर दहा फेऱ्या घ्या, आणि बळ-खोलीचे कच्चे आलेख पाठवा, सरासरी नको. पहिल्या उताराच्या आधी रेषा मध्येच आडवी झालेली दिसली तर पट्टी अजून वाकते आहे. सरळ चढून कोसळली असेल तर पापुद्रा फाटला. मग पुढचं बोलू.